गाडी जुनी, नोंद ताजी

जुनी पिकअप घरच्या घरी सांभाळावी असे कुणी म्हटले की ऐकणारा आधी मजुरीचा हिशोब मांडतो. ऑइल बदलायला गॅरेजवाला किती घेतो, ग्रीस मारायला किती, आणि ते आपणच केले तर वर्षाकाठी किती उरतील. हा हिशोब चुकीचा नाही, पण तोकडा आहे. मोठ्या दुरुस्तीच्या बिलात बहुधा सामानाचा आकडा मोठा असतो आणि मजुरीचा लहान. तेवढ्या मजुरीसाठी सुटीचा दिवस गाडीखाली पडून काढावा, हे शहाण्या माणसाला पटणार नाही. पुढच्या पानांतून जे सांगितले आहे त्याचा पाया वेगळा आहे. पंधरा-वीस वर्षांच्या आयुष्यात गाडीचे ड्रायव्हर बदलतात, मिस्त्री बदलतात, टायरची आणि ऑइलची कंपनी बदलते. टिकून राहतो तो मालक. मिस्त्रीला गाडी दिसते ती बिघडलेल्या दिवशी. मालकाला ती उरलेले सगळे दिवस दिसते. यंत्र एकाएकी बंद पडले तरी ते एकाएकी खराब झालेले नसते, आणि सावकाश होणारा बदल सतत पाहणाऱ्यालाच कळतो. म्हणून ठरावीक मुदतीची देखभाल मालकाने स्वतःच्या हातात ठेवावी, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. मजुरी वाचते हा त्यातला वरकड फायदा.

ज्या गाड्यांबद्दल हे लिहिले आहे त्या नांदेड आणि लातूरच्या रस्त्यांवर ओळखीच्या आहेत. टाटांची ४०७ बाजारात आली १९८६ मध्ये, टाटामोबाइल १९८८ मध्ये, आणि पुढे त्याच घराण्यातली २०७. महिंद्राच्या जीपच्या वंशातल्या पिकअपांना २००० नंतर बोलेरोचे नाव आणि तोंडवळा मिळाला. मे २००५ मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिला छोटा हत्ती करून टाकले. एमएच २४ आणि एमएच २६ पासिंगच्या या गाड्या लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन आणि तूर नेतात, अर्धापूरची केळी उचलतात, नांदेडच्या मोंढ्यातून खताची पोती आणतात, हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला जनावरे पोचवतात, लग्नसराईत मंडपाचे खांब आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या वाहतात. महिंद्राचे २५२३ सीसीचे आणि टाटांचे २९५६ सीसीचे, अशी दोन्ही इंजिने चार सिलिंडरची. डिझेल पंप यांत्रिक होता त्या पिढीतल्या या गाड्यांना काय दुखते ते कान, नाक, बोट आणि पाना यांनी कळते. ‘जुनी गाडी’ म्हणजे इथे मुख्यतः तीच पिढी.

मराठवाड्यातल्या शेतकरी घरांना डिझेलची ओळख पिकअपने करून दिलेली नाही. वीज पोचण्याआधी अनेक विहिरींवर किर्लोस्करचे इंजिन असे. हँडल मारून ते चालू करणे, डिझेल गाळून घालणे, इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली हात धरून ते किती तापले आहे याचा अंदाज घेणे, ही घरातल्याच माणसांची कामे होती. त्याच्याही आधी हीच नजर गोठ्यात होती. ज्या दोन जिल्ह्यांतून देवणी आणि लाल कंधारी या गाई-बैलांच्या जाती आल्या, तिथे बैल रवंथ करत नाही हे आधी घरच्यांना कळे आणि जनावरांच्या डॉक्टरला नंतर. डॉक्टरचे महत्त्व त्याने कमी होत नव्हते. उलट त्याला वेळेवर बोलावले जाई. गाडीच्या बाबतीत ही सवय सुटली, कारण गाडी घेतानाच ती सर्व्हिसिंगच्या कूपनांसह येते आणि कूपने संपेपर्यंत बॉनेट उघडण्याची गरज कुणाला वाटत नाही. कूपने संपतात त्या सुमारास गाडीला खऱ्या अर्थाने पाहणारा लागतो, आणि नेमका तेव्हा तो नसतो.

सावकाश होणारे नुकसान म्हणजे काय, हे धुळीवरून चांगले कळते. मार्चपासून मृगापर्यंत शेतरस्त्याने चालणारी पिकअप बराच वेळ पुढच्या ट्रॅक्टरच्या धुळीत असते. त्या धुळीतले कठीण, बारीक कण एअर फिल्टरमधून निसटले तर ते पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये जातात आणि इंजिन चालेल तितका वेळ दोन्ही घासत राहतात. त्या दिवशी काहीच होत नाही. महिन्याने ऑइल थोडे जास्त लागते, वर्षाने चढावर धूर दिसतो, आणि मग एक दिवस मिस्त्री सांगतो की इंजिनकाम काढावे लागेल. यातला शेवटचा टप्पा तेवढा मिस्त्रीला दिसतो. पहिला टप्पा पकडायला फार कसब लागत नाही. फिल्टरचा कागदी गाळा काढून अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावून फिरवला, तर कागदाला गेलेले छिद्र उजेडाच्या टिंबासारखे दिसते. त्याहून सोपी तपासणी म्हणजे फिल्टरच्या पेटीकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप सोडवून त्याच्या आतून बोट फिरवणे. ही बाजू गाळलेल्या हवेची. इथे बोटाला मातीचा थर लागला तर फिल्टर कितीही नवा असो, पाइप कुठेतरी फाटला आहे किंवा क्लिप ढिली आहे. एका क्लिपच्या किमतीत टळणारे इंजिनकाम हजारो रुपये खाते, आणि ते टाळण्याची संधी बोट फिरवणाऱ्यालाच मिळते.

दुसरे उदाहरण पाण्याचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली, हे देशाने पाहिले. जिथे प्यायच्या पाण्याची ही कथा, तिथे रेडिएटरमध्ये कुठले पाणी घालायचे याचा विचार कोण करणार? जवळच्या बोअरचे पाणी बाटलीने ओतले जाते. बेसॉल्टच्या खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. घरातल्या हंड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसतो. थर उष्णता अडवतो, इंजिन थोडे जास्त तापू लागते, आणि बेचाळीस अंशांच्या दुपारी भरल्या गाडीने बालाघाटचा चढ चढताना हेड गॅस्केट जाते. दोष सगळे उन्हाला देतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मे-निम्मे घातले तर उकळबिंदू वाढतो, गंजही थोपतो. पण कुलंटमधली गंजरोधक द्रव्येही काही वर्षांत संपतात, म्हणजे इथेही प्रश्न तारखेचाच. रेडिएटरमध्ये पाणी कमी का होते हे न शोधता रोज बाटली ओतणे ही आपल्याकडची सर्वांत महागडी काटकसर आहे. गाडी पूर्ण थंड असताना झाकण उघडून पाहावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा ऑइलच्या दांडीवर दुधाळ फेस आला, तर मात्र पाना खाली ठेवून मिस्त्रीकडे जावे.

डिझेलचेही असेच. शेतावर कॅनमध्ये साठवलेले डिझेल, अर्धी रिकामी टाकी आणि पावसाळी दमट हवा यांमुळे टाकीत पाणी जमते. ते पंप आणि नोझलच्या अतिशय बारीक फटींपर्यंत पोचले की गंज धरतो, आणि पंपाचे काम छोटे नसते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू महिन्यातून एकदा ढिला करून काचेच्या बाटलीत पाव कप डिझेल काढले, तर पाणी खाली वेगळे दिसते. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर गाडी एअर घेते. ती काढता येणे हे मालकाच्या शिक्षणाचे पहिले प्रमाणपत्र मानावे. फिल्टरवरचा एअर स्क्रू एक-दोन आटे सोडायचा आणि हातपंप दाबत राहायचे. आधी नुसती हवा फुसफुसते, मग फेसाळ डिझेल येते, मग फेसात बुडबुडे विरळ होतात, आणि शेवटी एकसंध धार लागते. ती धार लागलेली असतानाच, पंप दाबून धरून स्क्रू आवळायचा. ज्याने हे केले त्याला डिझेल टाकीतून नोझलपर्यंत कसे जाते हे पुस्तक न वाचता कळते. पुढे गाडी सकाळी दोनदा सेल्फ मारून चालू होऊ लागली, तर बॅटरीला शिव्या देण्याआधी तो पाइपाचे सांधे तपासतो.

आपली काळी माती पिकाला जितकी उपकारक, तितकीच लोखंडाला त्रासदायक. ती पाणी धरून फुगते, चेसिसच्या पोकळीत आणि पाट्यांच्या मधोमध लिंपली जाते, आणि वरून सुकलेली दिसली तरी आत ओल टिकवते. पावसाळाभर गाडी दर्शनी बाजूने धुऊन पुसणारे पुष्कळ. फवारा खालून मारणारे थोडे. त्यात हौद्यात सांडलेले युरिया आणि डीएपीचे दाणे हवेतले पाणी ओढून घेतात आणि पत्र्याला खातात. खताची फेरी झाली की फाळका उघडून, खालचे रबर उचलून हौदा झाडणे आणि पाण्याने धुणे याला दहा मिनिटे लागतात. हे न केल्याची किंमत वेल्डिंगवाला तीन-चार वर्षांनी घेतो. ग्रीसचेही गणित हेच. किंगपिन, पाट्यांच्या पिना आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस यांना ग्रीस नुसते लावायचे नसते. आतले काळे, किरकिरीत ग्रीस बाहेर पडून ताजे दिसेपर्यंत ते आत भरायचे असते. गर्दीच्या गॅरेजात दोन दाब मारून गाडी पुढे काढली जाते. त्याला कामचुकारपणा म्हणू नये, कारण ती गाडी पुढच्या वर्षी कुणाकडे जाईल हे ग्रीस मारणाऱ्या पोराला ठाऊक नसते.

या सगळ्या उदाहरणांचा धागा एकच आहे: नुकसान महिन्यांनी मोजायचे आणि उपाय मिनिटांनी. पण महिने मोजायला नोंद लागते. म्हणून हे पुस्तक ज्याला पहिली दुरुस्ती म्हणते ती इंजिनाची नाही, मीटरच्या केबलची आहे. जुन्या पिकअपांचे किलोमीटर मीटर बंद पडलेले असते आणि ते दुरुस्त करण्याची कुणाला निकड वाटत नाही, कारण त्यावाचून गाडी अडत नाही. मीटर बंद असले की ऑइल किती चालले, टायर किती चालले, सरासरी किती पडते, यातले काहीच सांगता येत नाही. उरतो तो अंदाज, आणि अंदाज नेहमी आपल्या सोयीने चुकतो. केबल बसवावी आणि दोनशे पानी वही करावी. तारीख, किलोमीटर, काय केले, काय घातले, किती पैसे गेले, एवढेच रकाने. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर आणि लिटर लिहिले की सरासरी कळते. ती दोन-तीन वेळा ओळीने घसरली, तर ब्रेक घासतो आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा नोझल नीट फवारत नाही. वही गाडीतच राहावी, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी गाडीचा इतिहास बदलत नाही.

वहीचा सर्वांत मोठा उपयोग मात्र वेळ निवडण्यात आहे. सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर सुरू होते, दिवाळीच्या तोंडावर बाजार भरतो, मग ऊस, तूर आणि हळद. त्या दिवसांत गाडी चार दिवस उभी राहिली तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा बुडालेल्या भाड्याचा आकडा मोठा होतो, आणि शेजाऱ्याची गाडी मागायला जावे तर तीही त्याच कामात असते. पेरणी उरकल्यापासून पोळ्यापर्यंत गाडीला काम कमी असते. क्लच प्लेट संपत आली आहे, ब्रेकचे लायनर पातळ झाले आहे, कुलंटची मुदत भरली आहे, हे वहीतून आधी कळले तर कामे तेव्हा काढता येतात. सामान नांदेडहून आणावे की लातूरहून, अस्सल घ्यावे की चालू, याची चौकशी सवडीने करता येते. बिघाड आपल्याला गाठतो तेव्हा आपण मिळेल त्या भावाने दुरुस्ती करतो. आपण बिघाडाला आधी गाठले तर भाव आपण ठरवतो.

यावर पहिला आक्षेप मिस्त्रीच्या बाजूने येतो: सगळेच घरी करू लागले तर गॅरेजवाल्याने काय करायचे? याचे उत्तर कामांच्या विभागणीत आहे. पंप आणि नोझल बेंचवर लावून जुळवणे, इंजिनाचे बोअर मोजून लेथवर काम करणे, स्टेअरिंग बॉक्स, व्हील अलाइनमेंट, चेसिसचे वेल्डिंग ही कामे घरी होत नाहीत आणि करूही नयेत. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि मोटर वाहन मेकॅनिकचा दोन वर्षांचा आहे. त्यापुढचे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे चालते. चार रविवारांत ते कुणाला येत नाही. वही घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी मिस्त्रीला बोलणे सोपे जाते: आवाज कधीपासून, ऑइल कधी बदलले, गेल्या वर्षी काय काढले होते. निम्मे निदान तिथेच होते. ज्याला काहीच ठाऊक नाही अशा मालकाला फसवणे सोपे असते हे खरे, पण त्याच्या गाडीवर प्रामाणिकपणे काम करणेही तितकेच अवघड असते, ही बाजू क्वचितच बोलली जाते.

दुसरा आक्षेप जिवाच्या धोक्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून माणसे मेली आहेत. या पुस्तकाचा नियम असा: सपाट, कठीण जमीन, चाकांना दगड, आणि चेसिसखाली लोखंडी घोडी लावल्याशिवाय डोके आत घालायचे नाही; विटांची चळत ही घोडी नव्हे. ब्रेक ऑइलची पातळी आणि रंग पाहणे हे मालकाचे काम. ते हवेतली आर्द्रता शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचे हे ध्यानात ठेवणेही त्याचेच. पण ब्रेकची लाइन उघडून हवा काढण्याचे काम जाणत्याच्या देखरेखीखाली शिकल्याशिवाय करू नये, कारण तिथली चूक समोरून येणाऱ्यालाही भोवते. स्वतः करणे म्हणजे सगळे स्वतः करणे नव्हे. कुठे थांबायचे हे कळणे हाही देखभालीचाच भाग आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जुन्या डिझेल गाड्या धूर ओकतात. त्यांचे आयुष्य वाढवणे म्हणजे हवेचे नुकसान वाढवणे नव्हे काय? अंशतः होय. तुंबलेला फिल्टर आणि गळके नोझल सुधारले की काळा धूर बराच कमी होतो. डिझेलही पूर्वीचे राहिलेले नाही: भारत स्टेज ३ च्या डिझेलमध्ये दर दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे, १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या स्टेज ४ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० च्या स्टेज ६ मध्ये १०. तरीही जुन्या इंजिनाला धूर अडवणारी यंत्रणाच नसते, आणि कितीही निगा राखली तरी ते नव्याच्या बरोबरीला येणार नाही. सरकारचे धोरणही त्याच दिशेने आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांचे शुल्क चांगलेच वाढले. म्हणून जुनी गाडी अमर करावी असा दावा इथे केलेला नाही. पण धुराची खरी तुलना करायची तर ती निगा राखलेल्या जुन्या गाडीची निगा न राखलेल्या जुन्या गाडीशी करावी लागते, कारण नव्याचे हप्ते झेपत नाहीत तोवर त्या दोनच गाड्या रस्त्यावर असतात. त्या निवडीत बोट फिरवून फिल्टर तपासणारा मालक हवेच्याही बाजूने उभा असतो.

शेवटचा आक्षेप असा की ही विद्या लवकरच कालबाह्य होईल. नव्या गाडीत संगणक आहे, सेन्सर आहेत, त्यात पाना काय करणार? इंधनाच्या आणि धुराच्या यंत्रणेपुरते हे खरे आहे. पण एअर फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल, ग्रीस, पाटे, टायर आणि गंज नव्या पिकअपलाही चुकलेले नाहीत, आणि वही तर मुळीच जुनी होत नाही. दुरुस्तीचा हक्क ही आता नुसती घोषणाही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात शेतीच्या यंत्रांबरोबर मोटारगाड्याही घेतल्या. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी १९६० मध्ये स्थापन केलेल्या प्रकाशनाने गाडी पूर्ण खोलून, पुन्हा जोडून, त्यावर सामान्य माणसासाठी पुस्तके काढण्याची प्रथा रुजवली. त्या पुस्तकांतून ‘कसे’ उत्तम कळते. आपल्या मातीत, आपल्या पाण्यावर आणि आपल्या हंगामात ‘केव्हा’ हे मात्र आपणच लिहून काढायला हवे. पुढची प्रकरणे म्हणूनच इंजिनाच्या भागांप्रमाणे न लावता मृगापासून सुरू होणाऱ्या वर्षाप्रमाणे लावली आहेत.

वाचकाला एकच विनंती. वही प्रामाणिकपणे ठेवली तर ती एके दिवशी असेही सांगेल की आता पुरे: चेसिसला भेग गेली आहे, गंज आरपार झाला आहे, खर्च भाड्यापेक्षा वाढला आहे. त्या दिवशी रंगरंगोटी करून गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढली तर प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या मोटार करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. आणि गाडी चांगल्या स्थितीत असतानाच विकणार असाल, तर चावीबरोबर वहीही द्या. घेणाऱ्याला त्या गाडीची खरी माहिती तिच्यातूनच मिळेल.